घरीच बंद पडणारी गाडी

२१ डिसेंबर, रविवार. सकाळ, थंडी कडक. स्थळ: आपलं अंगण, वडनेर भोलजी. हजर: दादा, शोभावहिनी, रफीकभाई मिस्त्री, देवानंद ड्रायव्हर आणि मी. सवयीनं पहिलं नाव तुझंच लिहून बसले, दादा. खोडलं नाही. सकाळभर बोलणं तुझ्याशीच तर चाललं होतं.

तू गेलास, तुझा जलदानविधी झाला. पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, लोकांनी आणलेले डबे मी घासून ज्याचे त्याला पोचवले. ही सगळी कामं सोपी होती. अवघड काम अंगणात उभं होतं. तुझी मालवाहू गाडी, नेहमीसारखी घराकडं तोंड करून, समोरच्या काचेत तो लहानसा पंचशील ध्वज. ती ठेवायची की विकायची, हे ठरत नव्हतं. मलकापूरचा एक माणूस बघून गेला होता. वहिनीनं त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो गेल्यावर मला म्हणाली, "ताई, चालू राह्यत असन तं ठेवू. देवानंद चालवीन, भाडं तुम्ही पाहा. पन रोज सकाळी चार जणायनं तिच्यापाशी उभं राह्यचं, अन् ती खोकून खोकून बंद पडायची, हे मायाच्यानं आता पाह्यलं नाही जात. नाही सुधरली तं नेऊ द्या त्याले."

म्हणजे ठरायचं ते गाडीवर ठरायचं. आणि गाडीचा रोग तुला माहीत होता तसाच होता.

थंडीच्या दिवसात सकाळी सेल्फ मारला की एका दमात चालू व्हायची. धूर काढायची, जरा वेळ छान वाजायची. आपण चहा ओतेपर्यंत आवाज घोगरा व्हायचा, गाडी थरथरायची आणि बंद. मग सेल्फ मारत बसा, ती दाद देत नाही. मग तू बोनेट उघडणार, अर्धा आत वाकणार आणि तो हातानं दाबायचा छोटा पंप खटखट दाबत राहणार, फिल्टरमधून फेस निघून नुसतं डिझेल येईपर्यंत. मग परत सेल्फ. एकदा अशी चालू झाली की दिवसभर बंद पडायचं नाव नाही. राजूर घाट भरल्या गाडीनं चढून यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

"एअर घेऊन राह्यली," हे तुझं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. रफीकभाई म्हणायचे, "नोजल. ऐका भाऊ, नोजलच." मी म्हणायचे, मोठा पंप म्हातारा झालाय. तीन हिवाळे आपण तिघं भांडलो. तुमच्या दोघांच्या पद्धतीवर माझा राग होता, तो अजून गेलेला नाही. तुम्ही एका दिवसात फिल्टर बदलणार, नोजल साफ करणार, वॉशर नवे घालणार, वर टाकीत काहीतरी औषध ओतणार. गाडी दोन दिवस बरी चालणार. आता यातल्या कशाचा गुण आला, कोण सांगणार? मी म्हणायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला. तू म्हणायचास, "आशे, हे काय तुह्या जिनिंग मिलचं स्टोअर आहे का वं? एक बोल्ट काढला का एक सही." आणि रफीकभाईंकडं बघून डोळा मारायचास. मला दिसायचं ते.

त्यात ही दुरुस्ती नेहमी दुपारी, रफीकभाईंच्या सपाट आवारात, उन्हात व्हायची. तिथं गाडी कधीच बंद पडायची नाही. पडेल कशी? रोग सकाळचा आणि तपासणी दुपारची.

या वेळी तू नव्हतास म्हणून माझ्या पद्धतीनं झालं. हे लिहिताना मला काही जिंकल्यासारखं वाटत नाही. तू असतास, मध्ये नाक खुपसलं असतंस, दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्यास आणि मी चिडले असते, तर बरं झालं असतं.

खरी वाट दाखवली वहिनीनं, आणि तीही गाडीबद्दल बोलत नव्हती. परवा संध्याकाळी आम्ही दोघी भाजी निवडत होतो. ती तुझ्या फोनबद्दल सांगत होती. बाहेरगावी मुक्काम असला की तू सकाळी गाडी चालू करून मगच तिला फोन लावायचास, मागं इंजिनाचा आवाज इतका की तिला निम्मं ऐकू यायचं नाही. "म्या म्हनो, अहो, आधी बोला, मंग चालू करा. तं म्हनत, अवो, तिलेही बोलू दे ना." ती हसली, मग पदर तोंडाला लावला. मग सहज म्हणाली, "बाहीर कधी बंद नाही पडली पाहा. फोनवर बंद पडल्याचा आवाज म्या कधीच नाही आयकला. सारं नाटक घरीच."

मेथीची जुडी माझ्या हातातच राहिली. तीन हिवाळे आपण गाडीत काय बिघडलंय हे शोधत होतो. घरी काय वेगळं आहे हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी कागद घेतला. हस नको. बाहेर गाडी ढाब्यावर किंवा पंपावर उभी राहते, सपाट जागी. घरी अंगण चढाचं, आणि तुझा नेम असा की गाडीचं तोंड घराकडंच पाहिजे. गल्लीत सगळे ड्रायव्हर तोंड रस्त्याकडं करून लावतात, सकाळी निघायला सोपं. तू रोज सकाळी मागं घेत घेत गाडी काढायचास, निम्म्या गल्लीला बाजूला करायचास, पण तोंड घराकडं. "दिवसभर रस्ता पाह्यते, राती तरी घर पाहू दे," असं तुझं उत्तर. दुसरी गोष्ट टाकी. बाहेर तू टाकी भरून झोपायचास, कारण गाडीतच झोपायचास. घरी मात्र तळाला थोडंसं डिझेल, कारण गल्लीत दोनदा चोरी झाली तेव्हापासून सगळ्यांनीच ती सवय लावून घेतली होती. म्हणजे घरी गाडीचं नाक वर, टाकी खाली आणि टाकीत डिझेल जेमतेम.

रफीकभाईंना फोन केला. अंगणाचा चढ कुठून कुठं, एवढं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मंग डिझेल राती वापस टाकीत उतरून राह्यलं. भाऊ बरोबर बोलत होते. एअरच आहे."

तू इथं बरोबर होतास, दादा. आता ऐक, नेमकं काय होत होतं ते. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाईपला कुठंतरी बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, इंजिन ओढतं तेव्हा हवा आत शिरते. तू दर रविवारी गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपायचास आणि सांध्यासांध्याला बोट लावून बघायचास, ओलं आहे का. ओलं कधीच नसायचं. रात्री त्याच फटीतून हवा शिरते आणि पाईपमधलं डिझेल उतारानं टाकीकडं घसरतं. सकाळी फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी चालू होते, ते संपलं की हवेची पाळी येते आणि बंद. सोपं आहे. कळलं की सगळंच सोपं असतं.

पण ओळखणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. म्हणून त्याच संध्याकाळी, शुक्रवारी, फक्त तोंड फिरवलं. गाडी रस्त्याकडं तोंड करून लावली, बाकी काहीही बदललं नाही. शनिवारी सकाळी चालू झाली आणि चालूच राहिली. देवानंद खूश. त्याला तिथंच थांबायचं होतं. "झालं ना ताई, अशीच लावत जाऊ." पण वहिनी ओट्यावर उभी होती. ती गाडीच्या मागच्या बाजूकडं बघत राहिली. आपल्या अंगणात त्या गाडीची पाठ घराकडं कधी कुणी बघितली नव्हती. मी देवानंदला म्हटलं, "हा काही इलाज नाही. फट शोधायची."

शनिवारी संध्याकाळी परत तोंड घराकडं. आणि आज सकाळी रफीकभाई एक कॅन आणि रबरी नळी घेऊन आले. गाडीचा टाकीकडून येणारा पाईप त्यांनी सोडवला, कॅन केबिनच्या कडेला उंच बांधला आणि त्यातलं डिझेल सरळ फिल्टरला दिलं. टाकीही नाही, खालचा पाईपही नाही.

"मार सेल्फ," रफीकभाई म्हणाले.

चालू झाली. आम्ही चौघं तोंडातून वाफा काढत उभे. शेजारचा पंढरी ब्रश तोंडात धरूनच कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "आता पाहा, बंद पडन." नाही पडली. "आता पडन." नाही पडली. वहिनीनं त्याला म्हटलं, "पंढरीभाऊ, चूळ तं भरून घ्या, ती काही तुमच्यासाठी बंद नाही पडत." तेव्हा तू गेल्यापासून पहिल्यांदा या अंगणात सगळे मोठ्यानं हसले. हे तुला कळवायचं होतं.

म्हणजे इंजिन ठीक, नोजल ठीक, माझा लाडका म्हातारा पंपही ठीक. दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये. रफीकभाई पुठ्ठा घेऊन खाली गेले. बराच वेळ नुसती बॅटरी हलताना दिसत होती. मग आतून आवाज आला, "ताई, इकडे या जरा. तुम्ही पाहा."

मी साडी खोचून खाली वाकले. टाकीजवळ, चेसीच्या आतल्या बाजूला, जिथं हात जातो पण नजर जात नाही, तिथं लोखंडी पाईपचे दोन तुकडे एका हिरव्या नळीनं जोडलेले होते. फवारणीच्या पंपाची नळी. दोन्ही टोकांना तार आवळलेली आणि तारेची टोकं आत वळवून दाबलेली, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून.

तो तुझा पीळ मी कुठंही ओळखला असता.

आठवतं ना? तुला काय विचारायचं, ती गोष्ट तू किती वेळा सांगितलीस. राजूर घाटात पाईप तडकला होता. गाडीत बुलढाण्याच्या बाजारात न्यायची वांगी आणि टमाटे, शेजारच्या सीटवर मी, मला त्या दिवशी कचेरीत काम होतं. डिझेलची धार लागलेली. तू उतरून वरखाली बघितलंस आणि घाटाच्या कडेला शेत होतं तिकडं चालायला लागलास. परत आलास तो एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला घेऊन, आणि त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप. तू त्याला पटवलं होतंस की त्याची नळी लागते त्यापेक्षा लांब आहे. त्यानं विळ्यानं तुकडा कापून दिला, वर म्हणाला, "इंजिनावर कीड पडली का?" तू त्याला चार वांगी द्यायला गेलास तर तो म्हणाला, "वांगे मायाच वावरातले आहेत बापा, व्यापाऱ्याले दिले होते." आपण हसत हसत घाट चढलो. मी तेव्हाच म्हटलं होतं की परत गेलं की हा तुकडा बदल. "चालून राह्यली ना? मंग?" एवढंच तुझं उत्तर.

त्यानंतर ती गोष्ट तू लग्नात सांगितलीस, मयतीला सांगितलीस, टोलनाक्यावर सांगितलीस. ऐकणाऱ्याला शेतकऱ्याचं वाक्य तोंडपाठ झालं. तिचा इतका जुना किस्सा होऊन गेला की नळी अजून गाडीखालीच आहे हे आपल्यापैकी एकालाही आठवलं नाही. तुझं बोट दर रविवारी तिच्यावरून फिरत असणार. डिझेलनं ती कडक झाली होती. उन्हात थोडी नरम पडायची, तारेखाली घट्ट बसायची. थंडीत आखडली की तारेखाली फट.

रफीकभाई खालूनच म्हणाले, "तीन वर्स मी नोजल खोलत राह्यलो, अन् बिमारी भाऊच्याच हातची निघाली." मग बराच वेळ ते बाहेरच आले नाहीत, पाना शोधतोय म्हणून सांगत राहिले. पाना त्यांच्या छातीवर होता.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. तुझ्या शेवटच्या शनिवारी आपण ओट्यावर बसून भांडलो. मी म्हटलं, या हिवाळ्यात गाडी विकून टाकू. तू म्हणालास, "गाडीसंग मलेही वीक." मी म्हटलं, तुला कोण घेतो. तू हसलास आणि विषय तिथंच पडला. मी पुढं बोलणार होते. मला गाडीचा त्रास नव्हताच. सकाळच्या थंडीत तू बोनेटमध्ये वाकून तो पंप दाबायचास आणि मग मडगार्डला हात टेकून उभा राहायचास, तेव्हा तुझा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. तुला दवाखान्यात चल म्हटलं की तू म्हणायचास, "थंडी गाडीले बाधते, मले नाही." म्हणून मी गाडीच्या नावानं बोलत राहिले. तुझ्याशी सरळ कसं बोलायचं हे मला कधी जमलं नाही, आणि तुलाही नाही. बहुतेक तुला समजत होतं. तू गाडीच्या नावानंच उत्तरं देत होतास.

सरळ न बोलण्याचा आपला हा रिवाज जुनाच. मी सासर सोडून आले तेव्हा तू हीच गाडी घेऊन आला होतास. दारात उभा राहून एकच विचारलंस, "यातलं तुह्यं काय काय?" माझ्याकडं यादी होती. तू ती हातात धरून एकेक वस्तू उचललीस, सासऱ्यांसमोर खूण करत करत, जसं काही मक्याच्या गोण्या मोजतोयस. शेवटी परत आत गेलास आणि पाटा-वरवंटा खांद्यावर घेऊन आलास. मी म्हटलं, हा यादीत नाही. "आईनं देल्ला होता. तू विसरली," म्हणालास. मी विसरले नव्हते. जड आहे, तुला त्रास नको म्हणून लिहिला नव्हता. वडनेर येईपर्यंत तू एक प्रश्न विचारला नाहीस. नांदुऱ्याला गाडी थांबवून भजी घेतलीस आणि म्हणालास, "खाय. रडून घ्यायचं असन तं खाऊन रड." त्या भज्यांबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. बरं वाटलं होतं.

आता पुढचं. रफीकभाईंनी हिरवी नळी काढली आणि लोखंडी पाईप एकसंध टाकला. ती नळी ते सवयीनं फेकायला निघाले तर वहिनीनं हात पुढं केला. नळी घेतली, पदरानं डिझेल पुसलं. मी म्हटलं, वहिनी, पदर वास मारेल. ती म्हणाली, "मारू द्या. या घराले हाच वास होता."

मग देवानंदनं पुन्हा सेल्फ मारला. नाक वर, टाकीत जेमतेम डिझेल, थंडी तशीच, कॅन काढलेला. गाडी चालू झाली. पंढरी कुंपणाला टेकून ऐकत होता. इंजिन तापलं, आवाज बसला, ओट्यावरची स्टीलची वाटी त्या आवाजानं थरथरत होती. उद्या सकाळी, रात्रभर उभी राहिल्यावर, अजून एकदा बघायचं आहे. त्याशिवाय मी 'झालं' म्हणणार नाही हे तुला माहीत आहे. पण वहिनी तेवढी थांबली नाही. ती पायऱ्या उतरून गाडीपाशी गेली, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "मलकापूरवाल्याले सांगून द्या ताई. नाही द्यायची." मी लगेच फोन लावला. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, घरची आहे.

देवानंदसाठी पहिलं भाडंही मिळालंय. मंगळवारी मका भरायचा, खामगावला न्यायचा. ऑइल बघितलं, टायरची हवा बघितली, विम्याचा कागद केबिनमध्ये ठेवला. तुझा स्वेटर सीटमागून काढून वहिनीकडं दिला. फक्त हौद्यातली ताडपत्री राहिली. शेवटच्या खेपेनंतर तू घडी घालून, दोरी बांधून कोपऱ्यात ठेवली होतीस, ती तशीच आहे. मका भरायचा तर ती बाहेर काढून, सोडून, भोकं बघून घ्यावी लागेल. सकाळी देवानंद हौद्यात चढला, तिच्याजवळ उभा राहिला आणि हात न लावता उतरला. म्हणाला, "ताई, तुम्हीच सोडा." मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "सांजच्याले पाहू." संध्याकाळी मी स्वतः चढले. दोरीच्या गाठीला हात लावला. तुझी गाठ, एका ओढीनं सुटणारी.

ताडपत्री अजून हौद्यातच आहे, बांधलेली. उद्या, सोमवारी, काढायला हवी.